वॉरंट वाचता न येणारा मार्शल

भूगोलाच्या तासाला आपण नकाशात राज्ये रंगवतो, तेव्हा ती पहिल्यापासून तशीच होती असे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पंचवीस वर्षांहून अधिक काळ केंद्रशासित राहिला आणि ३० मे १९८७ रोजी राज्य झाला. अरुणाचल प्रदेश पूर्वी नेफा होता. तो १९७२ साली केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९८७ च्या फेब्रुवारीत राज्य झाला. सीमेवरचा मुलूख राज्य झाला की विधानसभा येते, मंत्री येतात, न्यायालये आणि पोलीस ठाणी येतात. पण त्याआधी, जेव्हा यातले काहीच नसते, तेव्हा तिथे कायदा कोण सांभाळतो? आणि राज्य झाल्यावर त्या माणसाचे काय होते?

या प्रश्नांचे एक उत्तर अमेरिकेतल्या एका माणसाच्या आयुष्यात सापडते. त्यांचे नाव बास रीव्हज. जन्म गुलामगिरीत झाला. पुढे ३२ वर्षे त्यांनी मार्शलची नोकरी केली आणि त्यांच्या नावावर तीन हजारांहून अधिक अटका आहेत. अक्षरओळख मात्र त्यांना आयुष्यभर झाली नाही.

बास यांचा जन्म जुलै १८३८ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या क्रॉफर्ड काउंटीत झाला. आईवडील गुलाम, म्हणून मूलही जन्मतःच गुलाम, असा तेव्हाचा कायदा होता. मालकाचे नाव विल्यम रीव्हज. गुलामाला स्वतःचे आडनाव नसे, मालकाचेच लागे, म्हणून हेही रीव्हज झाले. हा मालक राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य होता. म्हणजे ज्या घरात कायदे करणारा माणूस राहत होता, त्याच घरात बास जनावरासारखे मालमत्तेत मोजले जात होते. बास आठ वर्षांचे असताना हे कुटुंब टेक्सासला गेले. लहानपणी शेतावर पाणी वाहून नेणे, मग शेतकाम, मग मालकाचा मुलगा जॉर्ज याची खासगी चाकरी, अशी त्यांची वर्षे गेली. लिहावाचायला कोणी शिकवले नाही. घोडा आणि बंदूक मात्र त्यांच्या हाताला लवकर बसली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडची राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघाली. जॉर्ज रीव्हज दक्षिणेच्या सैन्यात अधिकारी झाला. रीव्हज कुटुंबात पुढे सांगितली गेलेली हकिगत अशी की, एकदा पत्त्यांच्या डावावरून मालक आणि बास यांच्यात भांडण झाले आणि बास यांनी मालकाला ठोसा मारला. गुलामाने मालकावर हात उगारला तर टेक्सासमध्ये त्याची शिक्षा मरण होती. बास त्याच वेळी पळाले, रेड नदी ओलांडली आणि उत्तरेकडच्या मुलखात शिरले. त्या मुलखाचे नाव होते इंडियन टेरिटरी.

हा मुलूख काय होता, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण बास यांचे सगळे आयुष्य त्याच्याशी बांधलेले आहे.

अमेरिकेत नवा मुलूख राज्य कसा व्हावा याची पद्धत १७८७ च्या एका कायद्याने घालून दिली होती. त्याचे नाव नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स. पहिल्या टप्प्यात केंद्र एक गव्हर्नर, एक सचिव आणि तीन न्यायाधीश नेमायचे. पाच हजार स्वतंत्र प्रौढ पुरुष वस्तीला आले की मुलखाला स्वतःचे विधिमंडळ मिळायचे आणि काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी बसायचा, पण त्याला मत नसायचे. स्वतंत्र लोकांची वस्ती साठ हजार झाली की आपली राज्यघटना लिहून बाकीच्या राज्यांच्या बरोबरीने संघात यायचे. ओहायो, इंडियाना, इलिनॉय ही राज्ये अशीच तयार झाली. पश्चिमेच्या बहुतेक मुलखांनी पुढे थोड्याफार फरकाने हीच वाट धरली.

इंडियन टेरिटरी या शिडीवर चढलेलीच नव्हती. १८३० च्या कायद्याने आग्नेय अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून उठवून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला पाठवण्यात आले. चेरोकी, चोक्टॉ, चिकासॉ, क्रीक आणि सेमिनोल या त्या पाच जमाती. बास जन्मले त्याच वर्षी, १८३८ मध्ये, चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात घराबाहेर काढले गेले. वाटेत थंडीने, आजाराने आणि उपासमारीने सुमारे चार हजार माणसे मेली असे मानले जाते. मोबदला म्हणून या जमातींना नव्या मुलखात जमीन दिली आणि ती कायम तुमचीच राहील असा करार केला. तिथे त्यांनी आपापल्या राज्यघटना, शाळा, न्यायालये आणि घोडेस्वार पोलीस उभे केले. दुर्दैवाने यातल्या अनेकांकडे काळे गुलामही होते. ते युद्धानंतर, १८६६ च्या करारांनी मुक्त झाले.

बास या मुलखात चेरोकी, क्रीक आणि सेमिनोल लोकांमध्ये राहिले. त्यांच्या भाषा बोलायला शिकले. कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असते, कुठल्या डोंगराआड माणूस लपू शकतो, कुठून घोडा उतरतो आणि कुठून नाही, हे सारे त्यांना तोंडपाठ झाले. १८६५ साली घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. आता ते कोणाचे पळालेले गुलाम राहिले नाहीत. ते आर्कान्सात परतले, व्हॅन ब्युरन गावाजवळ जमीन घेतली, नेली जेनी हिच्याशी लग्न केले आणि शेती करू लागले. घर मुलाबाळांनी भरले. तिथेच त्यांचे आयुष्य निवांत सरले असते.

पण शेजारच्या मुलखात कायद्याला एक मोठे भोक होते. जमातींची न्यायालये फक्त आपल्या माणसांवर खटला चालवू शकत. बाहेरून आलेला गोरा किंवा काळा माणूस तिथे खून करो, घोडे चोरो किंवा बंदी असलेली दारू विको, त्याला हात लावायचा अधिकार त्या न्यायालयांना नव्हता. तो अधिकार एकट्या केंद्रीय न्यायालयाकडे होता, आणि ते न्यायालय मुलखाच्या बाहेर, आर्कान्साच्या सीमेवर, फोर्ट स्मिथ गावात होते. युद्धानंतर तीन-चार राज्यांतले फरारी गुन्हेगार याच मुलखात येऊन राहू लागले. नदी ओलांडली की सुटलो, अशी त्यांची समजूत झाली होती.

फोर्ट स्मिथ हे १८१७ साली वसवलेले लष्करी ठाणे. सैन्य निघून गेल्यावर जुन्या बराकीत न्यायालय भरू लागले आणि बराकीच्या तळघरात कैदी ठेवू लागले. मे १८७५ मध्ये तिथे आयझॅक पार्कर हे नवे न्यायाधीश आले. त्यांचा जन्मही १८३८ चाच. पुढच्या २१ वर्षांत त्यांच्यापुढे तेरा हजारांहून अधिक खटले आले. त्यांनी १६० जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि ७९ जण प्रत्यक्ष फासावर गेले. त्यामुळे फाशी देणारा न्यायाधीश अशी त्यांची ख्याती झाली. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८८९ पर्यंत त्यांच्या फाशीच्या निकालावर वरच्या न्यायालयात अपील करण्याची सोयच नव्हती. वाचण्याची एकच वाट उरे, ती म्हणजे राष्ट्राध्यक्षांची दया. राज्याच्या नागरिकाला मिळणारे संरक्षण टेरिटरीत पकडलेल्या माणसाला मिळत नव्हते. सीमेवरच्या मुलखात कायदा पोहोचतो तो असा, आधी शिक्षा येते आणि हक्क मागाहून येतात.

पार्कर यांच्यासोबत जेम्स फेगन हे मार्शल नेमले गेले. मार्शल म्हणजे केंद्रीय न्यायालयाचे हुकूम बजावणारा अधिकारी. त्यांना दोनशे डेप्युटी मार्शल भरती करण्याची मुभा मिळाली. एवढ्या माणसांनी सुमारे १ लाख ९० हजार चौरस किलोमीटरचा मुलूख राखायचा होता. महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा हा प्रदेश, आणि गस्त सगळी घोड्यावरून. फेगन यांना टेरिटरी जाणणारा आणि तिथल्या भाषा बोलणारा माणूस हवा होता. जमातींच्या लोकांचा गोऱ्या अधिकाऱ्यांवर विश्वास नव्हता, हेही एक कारण सांगतात. अशा रीतीने बास रीव्हज यांच्या छातीवर बिल्ला लागला. मिसिसिपीच्या पश्चिमेला डेप्युटी मार्शल झालेल्या पहिल्या काळ्या माणसांपैकी ते एक. काही वर्षांपूर्वी कायद्याने ज्यांना पळपुटा ठरवले असते, तेच आता कायद्याच्या वतीने पळपुट्यांना शोधणार होते.

नोकरी कशी होती ते पाहा. पगार नव्हता. हुकूम बजावायला जाताना मैलाला ६ सेंट आणि कैदी घेऊन येताना मैलाला १० सेंट असा हिशेब असे. आरोपी चकमकीत मारला गेला तर सहसा फी बुडे आणि पुरण्याचा खर्चही अंगावर येई. म्हणून चांगला मार्शल तोच, जो माणूस जिवंत आणतो. बास एका खेपेला बैलगाडीसारखी मोठी घोडागाडी, एक स्वयंपाकी आणि एक-दोन मदतनीस घेऊन निघत. खिशात अनेक वॉरंटे असत. फोर्ट स्मिथहून टेरिटरीच्या पश्चिम टोकाच्या लष्करी ठाण्यांपर्यंत जाऊन परत यायचे तर ८०० मैलांहून अधिक रपेट होई. वाटेत पकडलेले कैदी रात्री गाडीच्या आसाला साखळीने बांधून ठेवत. फोर्ट स्मिथपासून सुमारे ८० मैलांवर रेल्वेचे रूळ होते. त्या रुळांना लोक मृत्यूची रेषा म्हणत, कारण रेषेपलीकडे आलात तर जिवे मारू अशा चिठ्ठ्या गुन्हेगार झाडांवर मार्शलांच्या नावाने लावून ठेवत. पार्कर यांच्या काळात साठाहून अधिक डेप्युटी मार्शल कामावर मारले गेले. बास ती रेषा वर्षानुवर्षे ओलांडत राहिले.

आता वाचता न येण्याचा प्रश्न. वॉरंट हा कागद असतो, आणि चुकीच्या माणसावर चुकीचा कागद बजावला तर अटकच बेकायदा ठरते. निघण्यापूर्वी बास प्रत्येक वॉरंट दुसऱ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेत. नाव, गुन्हा, वर्णन सारे पाठ करत. कागदावरची अक्षरे त्यांना कळत नसत, पण कोणत्या नावाचा आकार कसा दिसतो हे ते डोळ्यांत साठवत. जंगलात, महिना-दोन महिन्यांनी, दहा-पंधरा कागदांतून नेमका त्या माणसाचा कागद ते काढून देत. त्यांनी चुकीचा माणूस आणला नाही, अशी त्यांची ख्याती होती. आपण तिथी आणि सनावळ्या पाठ करताना कुरकुरतो. त्यांच्या पाठांतरावर कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून होते.

अंगाने ते सहा फुटांहून उंच, धिप्पाड आणि दोन्ही हातांनी सारख्याच नेमाने गोळी चालवणारे. तरी त्यांचा भर डोक्यावर होता. दोन फरारी भावांची गोष्ट आजही सांगितली जाते. ते भाऊ आपल्या आईच्या घरी येतात असा सुगावा लागला. बास यांनी आपला तळ २८ मैल अलीकडे ठेवला. बुटांच्या टाचा काढल्या, मळकी टोपी घालून तिला गोळ्यांची भोके पाडली, हातात काठी घेतली आणि एकटे पायी निघाले. घरी पोहोचल्यावर आपणही मार्शलांच्या तावडीतून सुटलेले, भुकेलेले भणंग आहोत असे त्या बाईला सांगितले. तिने जेवू घातले, रात्री मुलगे आले, सगळे एकाच खोलीत झोपले. पहाटे दोघे भाऊ जागे झाले तेव्हा हातांत बेड्या होत्या. पुढे २८ मैल चालत परत. आई शिव्याशाप देत पहिले तीन मैल मागोमाग आली, असे सांगतात. एकही गोळी सुटली नाही.

अशा गोष्टींना पिढ्यांच्या तोंडी थोडे मीठमसाला लागतोच. पण त्यांच्या आयुष्यातली पुढची घटना न्यायालयाच्या दप्तरात आहे. १८८४ साली एका मोहिमेवर असताना त्यांच्या बंदुकीची गोळी त्यांच्याच स्वयंपाक्याला, विल्यम लीच याला, लागली आणि तो मेला. बंदुकीत अडकलेले काडतूस काढताना गोळी चुकून सुटली, असे बास यांचे म्हणणे होते. भांडणातून मारली, असे इतरांचे म्हणणे होते. १८८६ साली त्यांच्यावर खुनाचा आरोप ठेवून त्यांना अटक झाली. ज्या तळघरात त्यांनी शेकडो माणसे आणून सोडली होती, त्याच फोर्ट स्मिथच्या तुरुंगात ते स्वतः काही महिने कैदी म्हणून होते. ऑक्टोबर १८८७ मध्ये पार्कर यांच्याच न्यायालयात खटला चालला. साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली आणि ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. वकिलांच्या खर्चात साठवलेली पुंजी गेली. बास पुन्हा घोड्यावर बसले आणि कामाला लागले.

एका मार्शलचा खटला त्याच्याच न्यायाधीशापुढे चालला, याबद्दल आज कोणी शंका घेईल. ती शंका रास्त आहे. पण दुसरी बाजूही पाहावी. एका माणसाचा जीव गेला होता, आणि तो स्वयंपाकी होता म्हणून प्रकरण मिटवले गेले नाही. बिल्ला लावणाऱ्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले आणि बास तिथे उभे राहिले.

याच वर्षांत टेरिटरी झपाट्याने बदलत होती. कायम तुमची राहील म्हणून दिलेल्या जमिनीवर आता गोऱ्या वसाहतवाल्यांची नजर होती. १८८९ साली मस्कोगी गावी टेरिटरीतले पहिले केंद्रीय न्यायालय सुरू झाले. त्याच वर्षी २२ एप्रिलला दुपारी बाराच्या ठोक्याला इशारा झाला आणि हजारो लोक घोड्यांवरून, गाड्यांतून मोकळ्या जमिनीवर धावले. ज्याने आधी खुंटी ठोकली त्याची जमीन. १८९० साली मुलखाचा पश्चिम भाग वेगळा काढून ओक्लाहोमा टेरिटरी केली. तिला गव्हर्नर मिळाला, विधिमंडळ मिळाले, म्हणजे ती त्या जुन्या शिडीवर चढली. पूर्वेचा भाग जमातींचा राहिला, पण फार दिवस नाही. सामूहिक जमीन मोडून एकेकाच्या नावे तुकडे पाडण्यासाठी आयोग बसला, आणि १८९८ च्या कर्टिस कायद्याने जमातींची न्यायालये बंद केली. त्याआधीच, सप्टेंबर १८९६ मध्ये, फोर्ट स्मिथच्या न्यायालयाचा टेरिटरीवरचा अधिकार संपला होता. पार्कर तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. अडीच महिन्यांतच ते वारले. बास यांची बदली आधी टेक्सासच्या पॅरिस गावच्या न्यायालयाकडे आणि मग मस्कोगीला झाली.

मस्कोगीतच त्यांच्यावर सर्वांत कठीण प्रसंग आला. १९०२ साली त्यांचा मुलगा बेनी याने आपल्या बायकोचा खून केला आणि तो फरार झाला. मुलाच्या अटकेचे वॉरंट वरिष्ठांच्या टेबलावर पडून होते. ते कोणाच्या हाती द्यावे हे त्यांना सुचेना. बास आत गेले आणि ते वॉरंट त्यांनी स्वतः मागून घेतले. दुसरा कोणी गेला असता तर कदाचित चकमक झाली असती आणि मुलगा मारला गेला असता, हे बापाला कळत होते. आणि आपण गेलो नाही तर इतकी वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना ज्या कायद्याने बांधून आणले तो कायदा खोटा ठरेल, हे मार्शलला कळत होते. त्यांनी बेनीला जिवंत पकडून आणले. त्याला जन्मठेप झाली आणि कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या तुरुंगात पाठवण्यात आले. बापाच्या निधनानंतर काही वर्षांनी तो सुटला.

या प्रसंगाबद्दल लिहिताना फार मोठे शब्द वापरू नयेत असे वाटते. तो दिवस त्या घरात कसा गेला असेल, याची कल्पना आपण करू शकतो, आणि तेवढे पुरे आहे.

आता राज्य होण्याची वेळ आली. १९०५ साली पाच जमातींच्या नेत्यांनी मस्कोगीत घटना परिषद भरवली. पूर्वेकडच्या मुलखाचे वेगळे राज्य करावे, त्याचे नाव सिक्वोया ठेवावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. सिक्वोया हे चेरोकी भाषेला लिपी देणाऱ्या माणसाचे नाव. त्यांनी राज्यघटना लिहिली, मतदान घेतले आणि लोकांनी ती मोठ्या बहुमताने मान्य केली. वॉशिंग्टनच्या काँग्रेसने मात्र ती विचारातच घेतली नाही. दोन्ही टेरिटरी एकत्र करून १६ नोव्हेंबर १९०७ रोजी ओक्लाहोमा हे ४६ वे राज्य करण्यात आले.

राज्य झाले म्हणजे कायदा आला, असे आपण म्हणतो. पण कुठला कायदा? घटनेत वंशभेदाची कलमे घातली तर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मंजुरी अडवतील, या भीतीने घटना लिहिणाऱ्यांनी ती कलमे तेवढी बाजूला ठेवली. राज्य पदरात पडताच नव्या सिनेटने जे पहिले विधेयक घेतले, ते रेल्वेत आणि प्रतीक्षालयांत काळ्या आणि गोऱ्या लोकांना वेगळे बसवण्याचे होते. डिसेंबर १९०७ मध्येच तो कायदा झाला. ज्या मुलखात बास यांनी ३२ वर्षे काळ्या, गोऱ्या आणि मूळ रहिवासी गुन्हेगारांना एकाच साखळीने बांधून आणले होते, त्या मुलखात आता त्यांना गोऱ्यांच्या डब्यात बसायची बंदी होती.

मार्शलांचे काम राज्याच्या शेरीफांकडे आणि पोलिसांकडे गेले. बास ६९ वर्षांचे होते. त्यांनी तक्रार करत घरी बसणे पत्करले नाही. ते मस्कोगी शहराच्या पोलीस दलात साधे शिपाई म्हणून रुजू झाले आणि हातात काठी घेऊन गस्त घालू लागले. त्यांच्या गस्तीत दोन वर्षांत गुन्हा घडला नाही असे म्हणतात. पुढे मूत्रपिंडाच्या आजाराने ते खचले आणि १२ जानेवारी १९१० रोजी वारले.

त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी राज्याने घटनादुरुस्ती केली. मतदान करायचे तर राज्यघटनेचा भाग वाचून आणि लिहून दाखवावा लागेल, असा नियम आला. ज्यांच्या पूर्वजांना १८६६ च्या आरंभी मताचा हक्क होता, त्यांना मात्र परीक्षा माफ होती. म्हणजे अडाणी गोरा मत देऊ शकत होता आणि गुलामाचा मुलगा किंवा नातू परीक्षेत अडवला जाणार होता. बास जगते तर? शेकडो वॉरंटे डोळ्यांनी ओळखून बजावणाऱ्या या माणसाला, वाचता येत नाही म्हणून, मतदान केंद्रावरून परत पाठवले असते.

ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली रद्द केली. डबे वेगळे करणारे कायदे मोडायला १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा यावा लागला. आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. क्रीक जमातीला करारात दिलेली राखीव जमीन काँग्रेसने कधीच रीतसर रद्द केली नव्हती, म्हणून फौजदारी कायद्यापुरती ती आजही राखीवच आहे. त्यामुळे तिथल्या मूळ रहिवाशांवरचे गंभीर खटले राज्याच्या न्यायालयांतून निघून पुन्हा केंद्रीय न्यायालयांकडे गेले. राज्य होऊन ११३ वर्षे झाली होती, तरी त्या मुलखात कोणाचा कायदा चालतो याचा हिशेब मिटलेला नव्हता.

फोर्ट स्मिथला २०१२ साली बास रीव्हज यांचा घोड्यावर बसलेला पुतळा उभारला गेला. मस्कोगीजवळ आर्कान्सा नदीवरच्या एका पुलाला त्यांचे नाव आहे.

आपल्यापैकी अनेकांना पुढे वर्दी घालायची आहे. काहींच्या वाट्याला सीमेवरचे मुलूख येतील, जिथे लोकांना सरकार म्हणजे समोर उभा असलेला वर्दीतला माणूसच वाटतो. बास रीव्हज यांच्याकडून धाडस शिकण्यासारखे आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. कायदा सगळ्यांना सारखा, हे वाक्य पुस्तकात असणे सोपे असते. ते त्यांनी अनोळखी गुन्हेगारावर चालवले, स्वतःवर चालू दिले आणि पोटच्या मुलावरही चालवले. ज्यांनी कायदे लिहिले त्यांना ते जमले नाही. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांना जमले.